ते माझंच होतं, पण पुरावा?

‘बंद फ्लॅटचा कडी-कोयंडा तोडून दागिने, लॅपटॉप लंपास.’ ही बातमी तुम्ही शंभरदा तरी वाचली असेल. खरं तर वाचली नसेल, नजरेखालून गेली असेल. आतल्या पानावर, कोपऱ्यात, चार ओळी. दिवाळीच्या सुटीत, मे महिन्यात, लग्नसराईत तर जवळपास रोजच. ‘ऐवज’, ‘अज्ञात चोरटे’, ‘पोबारा’ हे शब्द आपल्याला माहीत आहेत तेच मुळी त्या चार ओळींमुळे. बातमी तिथे संपते. ज्याच्या घरी चोरी झाली त्याची कटकट मात्र तिथून सुरू होते. पोलिस स्टेशनात, मग घराचा इन्शुरन्स असेल तर कंपनीच्या सर्व्हेअरसमोर, आणि चोर सापडलाच तर कोर्टात, सगळीकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो: गेलं ते तुमचंच होतं, कशावरून?

हसू येईल या प्रश्नाचं. कशावरून म्हणजे काय? रोज वापरत होतो की!

बरं. आत्ता, हे वाचता वाचता तुमच्या रूमवर नजर फिरवा. लॅपटॉप आहे. कुणाकडून घेतला? पास आउट झालेल्या सीनियरकडून, रोख बारा हजारांत. हेडफोन? सेलमध्ये मागवले, पण मित्राच्या क्रेडिट कार्डवर दहा टक्के सूट होती म्हणून त्याच्या अकाउंटवरून. बिल त्याच्या नावावर. घड्याळ मामानं दिलं. सायकल गावाकडच्या दुकानातून, बिल मिळालं होतं, पण ते कुठाय ते आईला माहीत. कॅमेरा भावाचा. आता एकेक वस्तू उचला आणि स्वतःला विचारा, ही उद्या नसली तर ही माझी होती हे मी तिऱ्हाईत माणसाला कसं पटवणार?

आपल्याकडे म्हण आहे, ज्याच्या हाती ससा तो पारधी. गंमत म्हणजे कायदाही साधारण तसंच म्हणतो. भारतीय साक्ष अधिनियमाचं ११३वं कलम सांगतं, की वस्तू ज्याच्या ताब्यात आहे तो तिचा मालक नाही असं ज्याला म्हणायचंय, त्यानं ते सिद्ध करावं. म्हणजे लॅपटॉप तुमच्या मांडीवर आहे तोवर तुम्हाला कुणी काही विचारत नाही. चोर नुसती वस्तू नेत नाही, तो हा ताबाच घेऊन जातो. ससा गेला, आता पारधी कोण ते तुम्ही सांगा. आणि वस्तू हातात असताना ज्या पुराव्याची गरजच नव्हती, तो पुरावा ती गेल्यावर शोधायला निघालं, तर बहुतेकदा तोही तिच्याबरोबरच गेलेला असतो. बिलं त्याच कपाटात, फोटो त्याच लॅपटॉपमध्ये.

मला या सगळ्यात दोन गोष्टी खटकतात. एक, आपण या बाबतीत फारच निवांत असतो. दुसरी जास्त महत्त्वाची: ‘बिल नाही’ असं म्हटल्याबरोबर आपण स्वतःच हरतो. समोरच्यानं ‘ओरिजनल बिल आणा’ म्हटलं की मान खाली घालून परत येतो, जणू बिल नाही म्हणजे वस्तू आपली नव्हतीच. हे चूक आहे, आणि ते का चूक आहे हे नीट समजून घ्यायला हवं.

बिल नेमकं काय सांगतं?

चोरीच्या क्लेममध्ये खरं तर पाच वेगवेगळे प्रश्न असतात. वस्तू होती का? ती तुमची होती का? चोरी झाली तेव्हा ती घरातच होती का? तिची किंमत किती? आणि पॉलिसीत लिहिलंय त्याच प्रकारे ती गेली का? आता बघा, दुकानाचं पक्कं बिल यातल्या कितींना उत्तर देतं? कुणीतरी कधीतरी ती वस्तू एवढ्याला घेतली, इतकंच. तीन वर्षांपूर्वीचं लॅपटॉपचं बिल दाखवून तो मागच्या मंगळवारी टेबलावर होता हे सिद्ध होत नाही. तो तुम्ही सहा महिन्यांपूर्वी विकूनही टाकला असेल! याउलट गेल्या महिन्यात काढलेल्या एखाद्या फोटोत तोच लॅपटॉप, त्याच टेबलावर, त्याच्या झाकणावरच्या स्टिकरसकट दिसत असेल, तर तो फोटो जास्त बोलतो. मग चार्जर उरलाय, खोका माळ्यावर पडलाय, खोक्यावर सिरियल नंबर आहे, सर्व्हिस सेंटरची पावती आहे, त्या लॅपटॉपवरून लॉग-इन केल्याची नोंद तुमच्या ई-मेल अकाउंटमध्ये आहे, सीनियरला पैसे पाठवल्याची यूपीआयची नोंद आहे. एकटं यातलं काहीच पुरेसं नाही. पण चार धागे एकत्र वळले की दोर होतो.

सर्व्हेअर लोकांना हे नीट कळतं. अडचण असते ती कंपनीच्या छापील पत्राची. त्यात ‘मूळ बिले सादर करावीत’ असं वाक्य असतं आणि आपण तेच अंतिम मानतो.

म्हणूनच एक गोष्ट माहीत असायला हवी. जून २०२४मध्ये विमा नियामक संस्थेनं, म्हणजे आयआरडीएआयनं, जनरल इन्शुरन्ससाठी एक मास्टर सर्क्युलर काढलं. त्यात स्पष्ट म्हटलंय, की केवळ कागदपत्रं नाहीत म्हणून कोणताही दावा फेटाळता येणार नाही. लागतील ती कागदपत्रं पॉलिसी देतानाच मागून घ्यायची, आणि दाव्याच्या वेळी फक्त त्या दाव्याशी थेट संबंध असलेली आणि आवश्यक तेवढीच मागायची. याचा अर्थ काही न दाखवता पैसे मिळतात असा अजिबात नाही. नुकसान झालं हे दाखवायची जबाबदारी तुमचीच राहते. पण ‘बिल नाही, फाइल बंद’ इतक्या सहज कुणी म्हणू शकत नाही. माझं म्हणणं पुढचं आहे. घराची पॉलिसी विकताना कंपनी तुमच्या घरातल्या वस्तूंची साधी यादीही बऱ्याचदा मागत नाही. एक रकमेचा आकडा विचारते, त्यावर हप्ता घेते आणि मोकळी होते. हप्ता घेताना आकडा पुरतो, पैसे देताना मात्र एकेका चमच्याचं बिल हवं. हे बरोबर नाही. फोनमधून दहा फोटो अपलोड करायला लावणं आजच्या काळात कोणत्या कंपनीला अवघड आहे? ते केलं तर निम्मी भांडणं होणारच नाहीत.

कंपन्यांची बाजू नाहीच असं नाही. चोरीनंतर गेलेल्या वस्तू फुगतात, हे सगळ्यांना माहितीये. सव्वा तोळ्याची चेन तीन तोळ्यांची होते, साधा फोन भारीतला होतो. त्यामुळे खरं बोलणाऱ्याकडेही संशयानं बघितलं जातं. त्याबद्दल पुढे बोलू.

आईचं कपाट

लॅपटॉप-फोनचं एक बरं असतं, त्यांना नंबर असतो. घरातली खरी पंचाईत सोन्याची. आणि मराठी घरात सोन्याचा इतिहास कसा असतो? आजीच्या पाटल्या मोडून आईचा हार झाला. हारातून उरलं त्यात थोडी भर घालून ताईच्या बांगड्या. सराफ ओळखीचा, त्यानं कच्च्या कागदावर वजन आणि घडणावळ लिहून दिली, कारण पक्कं बिल घेतलं तर तीन टक्के जीएसटी. तो कागद कधीच गेला. आता त्या बांगड्या कुणाच्या आणि किती वजनाच्या, याचा पुरावा काय? ताईचा हात.

पक्कं बिल असलं तरी ते कुणाच्या नावावर असतं हे एकदा घरी बघाच. बहुतेकदा बाबांच्या, नाहीतर आजोबांच्या. लग्नात स्त्रीला मिळालेले दागिने हे तिचं स्त्रीधन, त्यावर मालकी तिचीच, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच सांगून ठेवलंय. पण कागदावर तिचं नाव शोधायला गेलं तर सापडत नाही. घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू जिच्या मालकीची, तिच्याकडेच ती आपली आहे असं दाखवणारं चिटोरं नाही. मला हा मुद्दा इन्शुरन्सपेक्षाही मोठा वाटतो.

तरीही पुरावे असतात. आपल्याला ते पुरावे वाटत नाहीत एवढंच. लग्नाचा अल्बम घ्या. नवरीच्या गळ्यातली ठुशी, मोहनमाळ, हातातल्या पाटल्या, सगळं स्वच्छ दिसतं, शिवाय चार साक्षीदार शेजारी उभे. लग्न ठरताना दोन्हीकडच्या मंडळींनी बसून केलेली यादी असते, तिच्यात काय काय घालायचं ते लिहिलेलं असतं. आहेराची वही असते. कुणी काय दिलं ते मामाच्या नाहीतर काकाच्या अक्षरात, तारखेसकट. ती वही पुढच्या लग्नात परतफेडीच्या हिशेबासाठी जपलेली असते, पण पुरावा म्हणूनही ती काही कमी नाही. आणि सगळ्यात भक्कम कागद कुठला माहितीये? सोनेतारण कर्जाची पावती. बँकेत किंवा पतसंस्थेत दागिने गहाण ठेवले की त्यांचा सराफ एकेक दागिना तपासतो, वजन करतो, शुद्धता बघतो आणि वर्णनासह लिहून देतो. तुमच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी आईनं बांगड्या ठेवल्या असतील तर कर्ज फिटल्यावरही ती पावती फाडू नका.

नवीन दागिन्यांवर हॉलमार्कबरोबर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी नंबर असतो. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो नंबर टाकला की कुठल्या सराफाकडून हॉलमार्किंगला आला, दागिना कोणता, शुद्धता किती ते दिसतं. मालकाचं नाव दिसत नाही, हे लक्षात ठेवा. पण तो नंबर तुमच्या बिलावरही असेल, तर बिल आणि दागिना यांची जोडी जुळते. तीन टक्के वाचवायला कच्चं बिल घेणाऱ्यांनी याचा विचार करावा. (सोन्याबद्दल एक गैरसमज घरोघरी असतो. विवाहित स्त्रीला ५०० ग्रॅमपर्यंत सोनं ‘बिलाशिवाय चालतं’. तो आकडा १९९४च्या आयकर विभागाच्या सूचनेतला आहे, छापा पडला तर तेवढं जप्त करू नये एवढ्यापुरता. चोरीच्या क्लेमशी त्याचा काही संबंध नाही.)

स्टेशन डायरीतला शब्द

आता चोरी झालीच, असं धरा. पहिली चूक कुठे होते? दारातच. कुलूप तुटलेलं दिसतं, आपण धावत आत जातो, कपाटं उघडतो, पडलेलं उचलून ठेवतो. शेजारच्या काकू येतात, चहा होतो, पोलिस येईपर्यंत घर आवरून झालेलं असतं! हे करू नका. घरफोडीच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये अट असते, की चोर जबरदस्तीनं, तोडफोड करून आत शिरलेला किंवा बाहेर पडलेला असावा. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही एका गोदामाच्या प्रकरणात हेच म्हटलं, की पॉलिसीत तसं लिहिलंय तर जोर-जबरदस्तीशिवाय झालेली साधी चोरी त्यात बसत नाही. म्हणजे त्या चार ओळींच्या बातमीतला ‘कडी-कोयंडा तोडून’ हा शब्दप्रयोग नुसता वर्णनाचा नसतो, पैसे मिळणार की नाही ते त्यावर ठरू शकतं. तुटलेल्या कोयंड्याचा फोटो काढा, पंचनाम्यात त्याचा उल्लेख आहे का ते बघा. आणि रूमचं दार नुसतं लोटून मेसला गेलात आणि लॅपटॉप गेला, तर अशा पॉलिसीत काहीच मिळणार नाही, हेही आधीच माहीत असू द्या.

दुसरी गोष्ट. पोलिस स्टेशनात ‘हरवल्याची तक्रार देऊन जा, लगेच होईल’ असा सल्ला मिळू शकतो. फोन गेलेला असतो, परीक्षा तोंडावर असते, सिम कार्ड पुन्हा काढायचं असतं, त्यासाठी तेवढा कागद पुरतोही. पण ‘गहाळ’ आणि ‘चोरी’ हे दोन वेगळे शब्द आहेत. कागदावर गहाळ लिहिलं असेल, तर चोरीचा क्लेम कोणत्या तोंडानं करणार? घरात शिरून झालेली चोरी हा दखलपात्र गुन्हा आहे, त्याची एफआयआर नोंदवून घ्यावीच लागते, आणि तिची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमात तसं लिहिलंय. नम्रपणे, पण हा कलम नंबर उच्चारून बोला. फरक पडतो.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. फिर्याद देताना आपण हादरलेले असतो. चार मोठ्या वस्तू आठवतात, त्या लिहिल्या जातात. आठवड्यानं लक्षात येतं, अरे, टॅबही गेला, चांदीचा करंडाही गेला. मग क्लेममध्ये त्या वस्तू आल्या की कंपनी विचारते, एफआयआरमध्ये कुठे आहेत? म्हणून फिर्यादीतच एक वाक्य घालायला सांगा, की ही यादी आत्ता आठवतं तेवढ्यावरून दिलीय. नंतर काही लक्षात आलं, तर पोलिसांकडे पुरवणी जबाब नोंदवता येतो. तो नोंदवाच. कंपनीलाही त्याच दिवशी ई-मेल टाका. कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून क्लेम नाकारण्याचे प्रकार होतात. गाडी चोरीच्या एका प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं, की एफआयआर लगेच केलेली असेल तर नुसत्या या उशिराच्या कारणावरून खरा दावा नाकारू नये. पण त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायची हौस कुणाला आहे?

चोर सापडला नाही, की पोलिस कोर्टात अहवाल देतात, त्याला आपल्याकडे ‘ए समरी’ म्हणतात. गुन्हा घडला हे खरं, पण तपास लागत नाही, असा त्याचा अर्थ. क्लेमसाठी हा कागद अनेकदा मागतात आणि तो यायला महिने लागतात. ‘बी समरी’ म्हणजे तक्रारच खोटी. एका अक्षराचा फरक आहे, तेव्हा प्रत हातात आली की वाचून घ्या.

आणि इन्शुरन्स नसेल तर? ‘आमच्याकडे पॉलिसीच नाही, आम्हाला काय?’ असं म्हणणारे बरेच असतील. तर ऐका, चोर सापडला तरी हाच प्रश्न येतो. पोलिसांनी जप्त केलेला मुद्देमाल कोर्टातून सोडवून घ्यावा लागतो, अर्ज करून, बंधपत्र देऊन. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच म्हटलंय, की असा माल ठाण्यात वर्षानुवर्षं पडू देऊ नये. पंचनामा आणि फोटो करून लवकर परत द्यावा. पण कुणाला? ज्याचा आहे त्याला. एका चोराकडे दहा घरांचे दागिने मिळाले असतील, आणि त्यातले चार वितळवून त्यांची लगड झाली असेल, तर तुमचा वाटा कोणता, ते वजनाच्या कागदावरूनच ठरणार.

पाच मिनिटांचा व्हिडिओ

उपाय कंटाळवाणा आहे, पण छोटा आहे. फोन घ्या, व्हिडिओ सुरू करा आणि घरातून एक चक्कर मारा. प्रत्येक वस्तूजवळ थांबून तोंडानं सांगा, हे काय, कधी घेतलं, साधारण कितीला. लॅपटॉप उलटा करून सिरियल नंबर दाखवा. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की आयएमईआय नंबर येतो, तो लिहून ठेवा. चोरीनंतर ‘संचार साथी’ पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करायला तो लागतो, तिथे पोलिस तक्रारीची प्रतही द्यावी लागते, बिलासाठीही जागा आहे. सायकल उलटी केली की पॅडलच्या जोडाखाली फ्रेमवर नंबर कोरलेला सापडेल. दागिने एकेक करून, शेजारी स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवून. तो काही सराफी काटा नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरा.

यासाठी वेगळा मुहूर्त नको. दिवाळीची साफसफाई असतेच, तेव्हा अख्खं घर बाहेर काढलेलं असतं. लक्ष्मीपूजनाला पाटावर दागिने मांडतात, फोटो तर काढतोच आपण फॅमिली ग्रुपवर टाकायला! फक्त मूळ फोटो डिलीट करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फोटोत तो कधी काढला वगैरे आतली माहिती पुसली जाते. मूळ फाइल स्वतःला ई-मेल करा किंवा क्लाउडवर ठेवा. आणि कृपा करून तो पाट इन्स्टावर टाकू नका, बघणाऱ्यांत कोण कोण असतं ते आपल्याला माहीत नसतं.

सेकंडहँड घेताना साध्या कागदावर चार ओळी लिहून घ्या. कोणी, कुणाला, कोणता मॉडेल, सिरियल नंबर, किती रुपयांना, तारीख, दोघांच्या सह्या. पैसे यूपीआयनं द्या. सीनियर म्हणेल, ‘यार, माझ्यावर विश्वास नाही का?’ विश्वास आहे, तरी सही कर म्हणायचं. कारण उलटही घडू शकतं. तो लॅपटॉप त्यानं ज्याच्याकडून घेतला त्यानंच चोरलेला निघाला, तर चोरीचा माल बाळगल्याबद्दल पोलिस पहिल्यांदा तुमच्या दारात येतील. मित्राच्या कार्डवरून ऑर्डर केलीत, तर त्याला पैसे दिल्याची नोंद ठेवा आणि बिलाची पीडीएफ त्याच दिवशी मागून घ्या. दोन वर्षांनी त्याचा नंबरच बदललेला असतो.

आता मघाशी राहिलेला मुद्दा. बिल नसलं की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘माझ्या ओळखीचं दुकान आहे, जुन्या तारखेचं बिल देतो बनवून.’ घेऊ नका. नैतिकतेचा धडा म्हणून नाही, सरळ हिशेब म्हणून सांगतो. बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर असतो, बिलांचा क्रम असतो, त्या तारखेला त्या मॉडेलची विक्री झाली का हे दुकानाच्या नोंदीत असतं. सर्व्हेअर दुकानात जाऊन विचारतो, ते त्याचं कामच आहे. आणि एक कागद खोटा निघाला की पॉलिसीतल्या फसवणुकीच्या अटीखाली पूर्ण क्लेम जाऊ शकतो, त्यातल्या खऱ्या वस्तूंसकट. ज्याचं बिल नाही त्यापुढे सरळ ‘बिल उपलब्ध नाही, जुनं आहे, हे फोटो पाहा’ असं लिहा. सव्वा तोळा तर सव्वाच तोळा लिहा.

शेवटी पॉलिसीबद्दल थोडं, कारण इथे गोंधळ खूप आहे. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे मिळते. घराचा विमा काढला की त्यातच घरातल्या सामानाला आपोआप २० टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. भाड्यानं राहणाऱ्यांना नुसत्या सामानाचाही विमा काढता येतो, हे फ्लॅट शेअर करणाऱ्यांनी लक्षात घ्या. छान वाटतं ना? पण ती मूळची आग, पूर, भूकंप यांसारख्या संकटांची पॉलिसी आहे. तिच्यातली चोरी म्हणजे असं काही संकट आल्यावर, त्याच्यामुळे, सात दिवसांच्या आत झालेली चोरी. एरवीची घरफोडी त्यात नाही, त्यासाठी वेगळं संरक्षण जोडून घ्यावं लागतं. दागिनेही आपोआप येत नाहीत, मौल्यवान वस्तूंचा पर्याय वेगळा घ्यावा लागतो. ‘घराचा इन्शुरन्स आहे आमचा’ असं निर्धास्तपणे सांगणाऱ्या बाबांना पॉलिसीचा कागद काढायला लावा आणि ‘घरफोडी’ हा शब्द त्यात कुठे आहे ते विचारा. होमलोनबरोबर बँकेनं गळ्यात मारलेली पॉलिसी असेल तर नक्कीच विचारा. पीजीत राहणाऱ्यांनी एजंटला तीन गोष्टी विचाराव्यात. कुलूप न तुटता गेलं तर मिळेल का, रूममेटवर संशय असेल तर मिळेल का, आणि जुन्या वस्तूचा घसारा कापणार का. उत्तर ई-मेलवर मागा.

आणि क्लेम नाकारलाच, तर कारण लेखी घ्या. मग कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लिहा. त्यांनी फेटाळलं किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद ते ऐकतात आणि तक्रार एका वर्षाच्या आत करावी लागते. जाताना आहेराची वही बरोबर न्या.